मदत हवी आहे: दमट हवेत पळताना मीठ-पाण्याचं गणित कसं जमवता?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर 2025 मध्ये हवाईतल्या कोना इथं झालेली महिलांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा पाहिल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर 42.2 किमी धावणं. पुढे असलेल्या लुसी चार्ल्स-बार्कलेला उन्हामुळे धावताना थांबावं लागलं. मग टेलर निब आघाडीवर आली आणि जेमतेम तीनएक किलोमीटर उरले असताना रस्त्यावरच बसली. मला तर रडूच आलं. शेवटी नॉर्वेची सोल्वेग लोव्हसेथ जिंकली, तीही थंड देशातली मुलगी! तिला ते ऊन कसं झेपलं असेल?

मी गोव्याच्या ‘आयर्नमॅन 70.3’ शर्यतीची तयारी करतेय, म्हणजे तिन्ही प्रकारांत बरोबर निम्मं अंतर. राहते मुंबईत. सायकल नीट होते, पण लगेच पळायला लागलं की दहाव्या किलोमीटरला पोटात ढवळतं, बोटं सुजतात, अंगठी फिरत नाही. घरी आल्यावर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. पाणी भरपूर पिते, कदाचित तिथंच चुकतंय.

गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ही शर्यत केलेल्यांनी कृपया सांगा: तासाला किती पाणी, किती मीठ घेता? घामाचा अंदाज घ्यायला पळण्याआधी-नंतर वजन करता का? आणि सराव मुद्दाम दुपारी करावा की पहाटेच?