जेरी राइस आणि क्वार्टरबॅकचे श्रेय

अमेरिकन फुटबॉलमधील रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) जेरी राइस यांचे विक्रम ही मुळात जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या, फेकीची पुण्याई आहे, हे वरील एका प्रतिसादातील मत मला अर्धेच पटते. असे दोन क्वार्टरबॅक लागोपाठ लाभणे हे भाग्यच, यात वाद नाही. परंतु २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा संघ सोडून राइस ऑकलंड रेडर्स या संघाकडे गेले, त्यानंतरच्या कामगिरीचा उल्लेख या चर्चेत कुठेच आलेला नाही. २००२ मध्ये, ऐन हंगामात वयाची चाळिशी पूर्ण होत असताना, त्यांनी ९२ झेल घेऊन १,२११ यार्ड मिळवले, आणि तेही रिच गॅनन यांच्यासारखा वेगळ्याच धाटणीचा क्वार्टरबॅक असताना. त्या वर्षी रेडर्स सुपर बोलपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले (तिथे टॅम्पा बेने त्यांना धूळ चारली, ही गोष्ट वेगळी).

झेल घेण्याच्या कौशल्याबद्दल म्हणाल, तर राइस यांचे वडील मिसिसिपीत गवंडीकाम करत आणि त्यांच्या हाताखाली राबताना परांचीवर उभे राहून खालून फेकलेल्या विटा झेलाव्या लागत, असे राइस यांनीच सांगितले आहे. विक्रमांची तुलना करताना सामन्यांची संख्याही पाहायला हवी. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे राइस केवळ १२ सामने खेळले आणि तेवढ्यात त्यांनी झेलांवर २२ टचडाउन (प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेऊन मिळवलेले गुण) केले. २००७ मध्ये रँडी मॉस या रिसीव्हरने २३ करून तो विक्रम मोडला खरा, पण त्यासाठी त्यांना १६ सामने लागले.