मदत हवी आहे: हंटर एमके ५६ च्या पोटाखालचे दोन फुगवटे (लोंगेवाला, १९७१)

प्रश्न: हंटर या भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानाचं १:४८ प्रमाणातलं मॉडेल बनवतोय, ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाड्यांवर गेलेल्या विमानांसारखं. किटमध्ये पुढच्या चाकामागे लावायचे दोन फुगवटे सुटे दिलेत. ते कशाचे? लावू की नको? आणि दोन्ही अर्धे टेपने जोडून पाहिले तर विमान शेपटीवर बसतंय.

प्रतिसाद १: लावाच. हंटरच्या नाकाखाली चार ३० मिमी एडन तोफा असतात. राउंड (काडतूस) तोफेत गेला की काडतुसांच्या पट्ट्याच्या कड्या सुट्या होतात. त्या बाहेर टाकल्या की विमानाच्याच पोटावर आपटायच्या, म्हणून त्या साठवायला हे फुगवटे आले. रिकाम्या पुंगळ्या मात्र खालच्या खाचांतून बाहेरच पडतात. पुट्टी घासताना नेमक्या त्याच खाचा बुजतात, तेव्हा आधी टेप लावा.

तोफा आणि राउंडच्या पेट्या एकाच पॅकमध्ये असतात. रिकामा पॅक खाली उतरवायचा, भरलेला वर ओढायचा, की काही मिनिटांत विमान तयार. फार सुंदर रचना आहे ही! नळ्या मात्र विमानातच राहतात. त्यामुळे पॅक खाली काढलेला दाखवणार असाल तर त्याला लांब नळ्या चिकटवू नका.

दर तोफेला सुमारे १५० राउंड आणि मिनिटाला १२०० चा वेग, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर सात-आठ सेकंदांत खेळ खलास. काजळी नळीच्या तोंडापासून मागे, पातळ ओढा.

प्रतिसाद २: वजन कॉकपिटच्या पुढे, चाकाच्या कप्प्यावरच्या पोकळीत भरा. मागच्या चाकांच्या रेषेवर विमान पेन्सिलीवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत छर्रे वाढवा. शिशाचे छर्रे फेविकॉलमध्ये बसवू नका. पांढऱ्या गोंदात शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी सांधा उकलतो. अॅराल्डाइट वापरा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! खाली टी-५९ (पाकिस्तानी रणगाडा) ठेवायचाय. मार कुठे दाखवू?

प्रतिसाद १: समोर नको, तिथलं चिलखत जाड असतं. वरून येणाऱ्या विमानाला इंजिनावरचा पातळ पत्रा मिळतो, शिवाय मागे इंधनाची पिंपं असतात. जळाल्याचा काळा रंग तिथून सुरू करा. सावल्या लांब हव्यात. या हंटरना रात्री लढता येत नव्हतं, ती उजाडल्यावरच आली. आणि वाळूत रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या गोल गोल खुणा काढायला विसरू नका. हवेतून घेतलेल्या फोटोंत रणगाडे मार चुकवायला गरागरा फिरल्याचं स्पष्ट दिसतं.