इन्स्टंट गिझर घ्यायचाय: विजेचा की गॅसचा?

सातारकर७२
साताऱ्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. घरात पाच माणसं. आई ७४ वर्षांची. गावच्या घरी तिचा तांब्याचा बंब होता, त्यामुळे तिला अजून कढतच पाणी लागतं आणि विसण ती स्वतःच्या हाताने घालते. १५ लिटरचा साठवणीचा गिझर आता गळायला लागलाय. सहा ते साडेसातमध्ये पाच आंघोळी उरकायच्या, दोन झाल्या की तिसऱ्याने थांबायचं, याला सगळे कंटाळलेत. म्हणून या वेळी इन्स्टंटच.

दुकानदार विजेचा ३ लिटर, ३ किलोवॉटचा घ्या म्हणतो. मेहुणे गॅसचा ६ लिटरवाला सुचवतात. प्लंबर म्हणतो, गॅसचा बाथरूममध्येच बसवू, पाइप वाचेल. बाथरूम पाच बाय सात, खिडकी वीतभर, तीही डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या बंदिस्त बोळात) उघडणारी. भिंतीपलीकडे धुण्याची गॅलरी आहे. पाणी बोअरचं. काय करू?

वायरमन_कोरेगाव
दादा, आधी लिटरचा घोळ सोडवू. विजेच्या गिझरवरचे ३ लिटर म्हणजे आतली टाकी केवढी ते. गॅसवरचे ६ लिटर म्हणजे मिनिटाला किती पाणी, तेही साधारण २५ अंशांनी तापवून. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

३ किलोवॉट मिनिटाला सुमारे ४३ किलोकॅलरी उष्णता देतो, आणि एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी १८ अंश धरा. ४० अंशांवर न्यायचं तर मिनिटाला दोन लिटरच मिळणार, म्हणजे १८ लिटरच्या बादलीला नऊ मिनिटं. आईंना ५५ अंशांचं लागत असेल तर धार सव्वा लिटरच्याही खाली येते. पाच जणांच्या पाच बादल्या म्हणजे पाऊण तास नुसता नळ चालू. स्वयंपाकघरातल्या सिंकला हा गिझर उत्तम, तुमच्या सकाळीला नाही.

साडेचार किलोवॉटचा घेतलात तर बादलीला सहा मिनिटं, पण तो २० अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही. चार स्क्वेअर एमएम जाडीच्या तारेची स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लागेल. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) तर कुठलाही गिझर घ्या, हवाच.

कराडची_ताई
प्लंबरचं ऐकू नका, हात जोडून सांगते. माझी धाकटी जाऊ गॅस गिझर आत असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध पडली होती. दार आतून लावलेलं, खिडकी थंडी म्हणून बंद. पोराने हाक मारली, उत्तर नाही, म्हणून दार तोडलं. वाचली. तिला आधी फक्त डोकं जड झाल्यासारखं वाटलं होतं.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. जळताना हवा कमी पडली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. तुमच्या आई म्हाताऱ्या, कढत पाणी घेऊन निवांत बसणाऱ्या. गॅसचा घ्या, पण गिझर गॅलरीतच, आणि पुढे कधी त्या गॅलरीला काचा लावू नका.

पाइपवाला
ताईंशी पूर्ण सहमत. वरचा मजला आहे म्हणून टाकीची उंची मोजा. दहा फूट उंचीला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, आणि दाब कमी पडला की गॅसचा गिझर पेटतच नाही. किमान दाब माहितीपत्रकात लिहिलेला असतो, तो बघूनच मॉडेल घ्या. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतो, वर्षातून एकदा साफ करून घ्या. सिलिंडरवरचा गिझर पाइपच्या गॅसवर तसाच चालत नाही, नोझल वेगळं असतं.

सातारकर७२
सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन गच्चीवर गेलो. टाकीच्या तळापासून गॅलरीतल्या गिझरच्या जागेपर्यंत अकरा फूट भरले. कमी दाबावर चालणारा ६ लिटरचा गॅस गिझर गॅलरीत बसवतोय. गरम पाण्याचा पाइप नऊ फूट वाढतो, वाढू दे. ताई, तुमचा मजकूर प्लंबरला वाचून दाखवला. गप्प बसला, मग स्वतःच गॅलरीत खुणा केल्या.

हिशेबही केला. बादलीला साधारण ४५ ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर पाच जणांना दोन महिने. विजेवर तीच बादली अर्ध्या युनिटच्या आसपास.

आईला सगळं समजावलं. तिने एवढंच विचारलं, "विसण कुठून घ्यायचं?" तिच्या पाटाशेजारी थंड पाण्याचा नळ वेगळा काढायला सांगितलाय.