तळपायाचा डाग आणि शेजारच्या पेशी

देवगडच्या ताईंनी विचारलंय, मेलानोमाची (कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची) गाठ कातडीच्या वरच्या थरातली, मग खालचा थर तिला साथ का देतो? आणि एकांनी लिहिलंय की सावळ्या कातडीला मेलानोमा होतच नाही. होतो. कमी होतो, पण आपल्याकडे तो बरेचदा तळपायावर नाहीतर नखाखाली येतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो.

आता ताईंचा प्रश्न. रंग बनवणाऱ्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बारीक पुड्यांत भरून शेजारच्या पेशींना देतात, हे त्यांचं रोजचंच काम. तेल अवीवच्या संशोधक कार्मित लेव्ही यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की मेलानोमाच्या पेशी याच पुड्यांतून खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींना मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे बारीक रेणू) धाडतात. तेही गाठ खाली उतरायच्या आधीच! फायब्रोब्लास्ट एरवी कोलॅजन तयार करतात, जखम भरून आणतात. पुडी मिळाली की त्यांचं वागणं पालटतं, त्या भराभर वाढतात, जागा सोडून हलू लागतात आणि गाठीला पाय रोवायला जागा तयार होते. मला यातली वेळच सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजार आधी फितवला जातो, गाठ नंतर उतरते.

शिवाय मेलानोमाच्या पेशी एक्सोझोम नावाच्या वेगळ्या पुड्याही सोडतात; त्यांच्यावर पीडी-एल१ हे प्रथिन असतं, ते टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना, लांबूनच थोपवतं.

रापण (मासेमारीचं मोठं जाळं) किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या, शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने तासला जातो. कृपा करून तसं करू नका. डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बायोप्सीबद्दल विचारा.