बाजारभावाच्या संकेतस्थळावर परदेशातून पडणारे क्लिक कसे रोखावेत?

लातूरकर:
नमस्कार. लातूरच्या आडत बाजारातील तूर आणि सोयाबीनचे रोजचे भाव देणारे छोटे संकेतस्थळ मी चालवतो. दिवसाचा सौदा निघाला की वर्दळ वाढते आणि रात्री सामसूम होते. परंतु पंधरा दिवसांपासून मध्यरात्री दोननंतर सिंगापूर आणि चीनमधून भेटींची रीघ लागते, प्रत्येक भेटीचा कालावधी शून्य सेकंद दिसतो आणि तरीही जाहिरातींवर क्लिक पडतात. महिनाअखेरीस जाहिरात कंपनीने ते क्लिक अवैध ठरवून रक्कम वजा केली. भारताबाहेरील सर्व देश बंद करावेत काय?

परभणीकर:
सरसकट बंदी कृपया घालू नका. गुगलचा शोधबॉट (शोधासाठी पाने वाचत फिरणारा स्वयंचलित प्रोग्राम) बहुतांशी अमेरिकेतील पत्त्यांवरून येतो, त्यामुळे अमेरिका बंद केली की तुमची पाने हळूहळू शोधातून गळू लागतील. शिवाय गावाकडच्या सोयाबीनला आज काय भाव मिळाला हे दुबईत बसून पाहणारी आपलीच मुले आहेत. त्यांना दाराबाहेर ठेवणे मला पटत नाही.

आधी सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे आलेल्या प्रत्येक भेटीची नोंदवही, उघडा. तिच्यातील वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे तेथे 20:45 दिसले तर आपल्याकडे रात्रीचे 2:15 वाजलेले असतात. त्या वेळेच्या नोंदी लॉगमध्ये मुळीच नसतील, तर त्या भेटी तुमच्या सर्व्हरपर्यंत आलेल्याच नाहीत, कोणीतरी थेट भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्सकडे खोटी माहिती पाठवत आहे, आणि तेथे अडवणूक करून काहीही साधणार नाही. नोंदी असतील तर संकेतस्थळापुढे राहून वर्दळ गाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेच्या मोफत योजनेत पाच नियम करता येतात. त्या दोन देशांसाठी ‘ब्लॉक’ऐवजी ‘मॅनेज्ड चॅलेंज’ (भेट देणारा माणूस आहे का, याची तपासणी) निवडा आणि ओळखीच्या बॉटना सूट द्या. बॉटनी कोणती पाने पाहू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलवर विसंबू नका, कारण तिचे म्हणणे सभ्य बॉटच ऐकतात.

नांदेडकर:
अ‍ॅडसेन्स (गुगलची जाहिरात सेवा) असल्यास अवैध क्लिकांचा अर्ज भरून तारखा आणि आयपी (इंटरनेटवरील) पत्ते कळवा. तपासण्यासाठी म्हणूनही स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. जाहिरात देणाऱ्यांसाठीही एक सांगतो: गुगल अ‍ॅड्समध्ये ठिकाण नांदेड निवडले तरी मूळ सेटिंगमध्ये नांदेडविषयी केवळ रस दाखवणारे, दूरदेशीचे लोकही धरले जातात, म्हणून प्रत्यक्ष तेथे असलेल्यांचाच पर्याय निवडावा.

लातूरकर:
आभारी आहे. लॉगमध्ये नोंदी सापडल्या. एकच पत्ता दर दोन सेकंदांनी जुन्या भावांचे एकेक पान मागत होता आणि तो एका डेटा सेंटरचा, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या केंद्राचा, निघाला. चॅलेंजचा नियम लावला आहे, अर्ज आज रात्री भरतो.