बिल डब्ल्यू.ला उजेड दिसला, माझ्या भावाला नाही. त्याला काय वाचायला देऊ?

ठाणेकरताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ सात महिने दारूशिवाय आहे. आठवड्यातून चार दिवस ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना साथ द्यायचा गट) मीटिंगला जातो. घरात सगळ्यांना आनंद आहे, पण तो मोठ्यानं बोलून दाखवायचा धीर अजून कुणाला होत नाही.

परवा मीटिंगमध्ये कुणीतरी बिल विल्सनची, म्हणजे बिल डब्ल्यू.ची, गोष्ट सांगितली. ए.ए. सुरू करणारा बिल न्यूयॉर्कच्या इस्पितळात होता, खोली पांढऱ्या उजेडानं भरून गेली आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यानं दारूला हात लावला नाही. भाऊ घरी आला तो जेवलाच नाही. ओट्याला टेकून म्हणाला, "ताई, मला असलं काहीच झालं नाही. म्हणजे मी नुसता दातओठ खाऊन दिवस काढतोय. कधीही तुटेल हे."

बिलचं लहानपण, तो अनुभव, त्याच्या आधीनंतर काय घडलं, हे त्याला नीट कळेल असं काय देऊ? इंग्रजी वाचतो, पण लवकर कंटाळतो. देवाचं त्याला फारसं नाही. 'श्रद्धा ठेव म्हणावं' हे सगळ्यांचं सांगून झालंय, कृपया ते नको.

फक्तआजचा
ताई, माझी अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही रात्री छताकडे बघत पडायचो, आज तरी काही दिसेल म्हणून. नाही दिसलं.

इस्पितळापासून सुरुवात करू नका. व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या छोट्या गावापासून करा. 26 नोव्हेंबर 1895 ला बिल तिथं जन्मला, आजी चालवायची त्या खानावळवजा हॉटेलात. दहा-अकरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आईवडिलांचा घटस्फोट झाला, आई शिकायला बॉस्टनला गेली. बिल आणि त्याची बहीण डोरोथी आईच्या आईवडिलांकडे वाढली. एकदा आजोबा बोलता बोलता म्हणाले, बूमरँग करावं तर ऑस्ट्रेलियाच्या माणसानंच. झालं. पोरगा सहा महिने त्याच्या मागे लागला. अभ्यास गेला, कामं गेली. शेवटी स्वतःच्या पलंगाच्या डोक्याकडची फळी कापली आणि तिच्यातून परत येणारं बूमरँग काढलं. मला वाटतं बिल समजून घ्यायला ही फळी पुरे. पहिला नंबर आला नाही तर आपण कुणीच नाही, ही भीती. माझ्या ओळखीच्या प्रत्येक बेवड्यात ती आहे, माझ्यात तर होतीच.

मग बर्था. शाळेतलं पहिलं प्रेम. नोव्हेंबर 1912 मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रियेनंतर ती गेली आणि ही बातमी त्याला शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांबरोबर कळली. सतरावं पूर्ण व्हायचं होतं त्याचं. त्यानंतर तो जो खचला, की साधी परीक्षाही पार पडेना. दारू अजून आयुष्यात आलेलीसुद्धा नाही, बघा. ती आली 1917 मध्ये, लष्करात असताना. लाजाळू पोराला पहिल्यांदा वाटलं, आपणही चारचौघांत बसू शकतो.

पुढचं भरभर वाचलं तरी चालेल. 1918 मध्ये लोइसशी लग्न, वॉल स्ट्रीटवर शेअरबाजाराचं काम, पैसा, 1929 ची बाजारातली पडझड, सासरच्या घरात आसरा.

थांबायचं ते नोव्हेंबर 1934 ला, ब्रुकलिनमधल्या स्वयंपाकघरात. टेबलावर जिन आणि अननसाचा रस. समोर जुना पिण्यातला दोस्त एबी थॅचर, आणि तो ग्लास बाजूला सारतो! बिल देवाच्या नावानं चिडतो तेव्हा एबी विचारतो, तुला पटेल तसा देव तूच का निवडत नाहीस? तुमच्या भावासाठी मी या पानाला खूण घालून ठेवीन. ए.ए.च्या मूळ ग्रंथाचं पहिलंच प्रकरण बिलनं स्वतः लिहिलेली ही गोष्ट आहे. पंधरा-सोळा पानं, कंटाळा येणार नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून एवढंच सांगते. 11 डिसेंबर 1934 ला बिल न्यूयॉर्कच्या त्याच इस्पितळात, टाउन्स हॉस्पिटलमध्ये, शेवटचा दाखल झाला. तिथल्या उपचारात बेलाडोना असायचं, म्हणजे आपल्या धोत्र्याच्याच कुळातली वनस्पती. तिनं भास होतात. दारू अचानक तोडल्यावरही होतात. भिंतीवरच्या मुंग्या वेचणारी माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. तेव्हा उजेड औषधाचा होता असं म्हणणारे आहेत आणि मला ते अशक्य वाटत नाही. बिललाही लगेच शंका आली, आपल्याला वेड तर लागलं नाही? तिथले डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, जे काही झालंय ते धरून ठेव, तासाभरापूर्वीच्या अवस्थेपेक्षा हे बरंच बरं आहे. माझ्या मते त्या खोलीत सर्वांत मोठी गोष्ट घडली ती ही. डॉक्टर हसले नाहीत.

भावाला हेही सांगा की उजेड पाहिलेल्या याच बिलला 1944 नंतर अनेक वर्षं नैराश्यानं घेरलं होतं. उजेड दिसला म्हणून सगळं मिटलं, असं झालं नाही. प्यायला मात्र नाही, जानेवारी 1971 मध्ये जाईपर्यंत.

अंगणातलीजुई
ताई, तुम्ही स्वतः लोइसबद्दल वाचा. इस्पितळातून आल्यावर बिल महिनोन्महिने दारुड्यांना घरी आणायचा, आपल्याला दिसलेला उजेड सांगत सुटायचा. एकही सुधारेना. तो हताश झाला तेव्हा लोइसनंच दाखवून दिलं, अरे, पण तू प्यायला नाहीस ना? माझे यजमान नऊ वर्षं सोबर आहेत. या एका वाक्याशी मी कितीदा थांबले असेन. पुढे 1951 मध्ये लोइसनं घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं. तुम्ही जाता का? जा. त्याची चिंता वाहून तुमचीही पाठ दुखत असेल.

प्रवासी५२
थोडं वेगळं मत मांडतो. वाचायला कमी द्या. मे 1935 मध्ये बिल ओहायो राज्यातल्या ॲक्रनला धंद्यासाठी गेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार आणि दुसरीकडे टेलिफोन. त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावले. उजेड सांगायला नाही, 'मला दुसरा दारुडा भेटवा' म्हणायला! दुसऱ्या दिवशी तिथलेच एक दारुडे डॉक्टर, बॉब स्मिथ, पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. बॉबना कसलाही उजेड दिसला नाही. 10 जून 1935 ला त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि ए.ए. तो दिवस आपला जन्मदिवस मानते. तुमच्या भावाला मीटिंगच्या खुर्च्या मांडू द्या, नवीन माणसाशेजारी बसू द्या.

फक्तआजचा
प्रवासीदादांचं पटलं. तरी एक पान द्याच. ग्रंथ 1939 मध्ये निघाला आणि लोकांना तुमच्या भावासारखंच वाटायला लागलं, की झटका बसल्याशिवाय खरं नाही. म्हणून 1941 मध्ये शेवटी एक छोटं परिशिष्ट जोडलं. त्यात आहे, की बहुतेकांचा बदल हळूहळू, शिकत शिकत होतो. आणि तो त्या माणसाला कळायच्या कितीतरी आधी भोवतालच्यांना दिसतो.

ठाणेकरताई
सगळ्यांचे मनापासून आभार. ते परिशिष्ट काल रात्री त्याला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. भोवतालच्यांना आधी दिसतो, इथं तो थांबला. म्हणाला, "तुला काय दिसलं?"

मी सांगितलं. रात्री कुलपात किल्ली फिरली की आई आता उठून बसत नाही. दुधाचे उरलेले पैसे डब्यात परत येतात. गुरुवारी तू माझ्या मुलीची वेणी घातलीस, वाकडी, पण हात थरथरत नव्हते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ती बूमरँगची गोष्ट परत सांग.

शनिवारी मीटिंगला अर्धा तास आधी जाणार आहे म्हणाला, खुर्च्या मांडायला. जुईताई, अल-ॲनॉनची मीटिंग ठाण्यात कुठल्या वारी असते, ते मला कसं कळेल?