मॉर्फिन असताना ब्लॉक कशाला?
प्रश्न असा की लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर मॉर्फिन चालू असताना वेगळा ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, कशाला. मॉर्फिनने दुखणं थांबतं, पण श्वासही मंदावतो, मग श्वासाची नळी काढायला उशीर होतो. छातीचं हाड (उरोस्थी) मधोमध कापलेलं असल्याने ब्लॉक दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. सोनोग्राफीवर सुई बघत, पाठीच्या स्नायूखाली किंवा उरोस्थीच्या कडेला. एपिड्युरल (मणक्यातलं बधिरीकरण) सहसा टाळतात: बायपाससाठी, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रासाठी, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलेलं असतं, मणक्यात रक्त साकळलं तर पाय लुळे पडायची भीती. खरी कसरत डोसची. ब्युपिव्हकेन (ब्लॉकमधलं बधिर करणारं औषध) किलोमागे जास्तीत जास्त २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या मुलाला ०.२५ टक्क्याचं द्रावण दोन्हीकडे मिळून जेमतेम ८ मिली! तान्ह्या बाळांना त्याहून कमी. आणि उरोस्थीजवळचा ब्लॉक खालच्या ड्रेनच्या (छातीत साठलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) जागेपर्यंत बरेचदा पोचत नाही, त्यामुळे पॅरासिटामॉल सुटत नाहीच.